एकच माणूस, चार कंपन्या: क्लेममधला फ्रॉड पकडायला एकमेकांशी बोलायचं कसं

हे क्लेम डिपार्टमेंटला नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, टीपीएवाल्यांसाठी (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्था) आणि फिल्डवर फिरणाऱ्या इन्व्हेस्टिगेटर मंडळींसाठी. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसणाऱ्यांनाही उपयोग होईल. मुद्दा साधा आहे. फ्रॉड करणारा माणूस चार कंपन्यांमध्ये फिरतो आणि आपण चौघं आपापल्या फाईलमध्ये मान घालून बसतो. एकेक फाईल वेगळी उघडली की चोख दिसते, केवायसी आहे, बिलं आहेत, डॉक्टरची सही आहे, शिक्का पण आहे. चारही फाईली शेजारी शेजारी ठेवल्या की मग दिसतं की पेशंट त्याच तारखेला नाशिकलाही अॅडमिट होता आणि संभाजीनगरलाही. आता या फाईली शेजारी आणणार कोण? आपोआप येत नाहीत. कुणीतरी दुसऱ्या कंपनीला मेल टाकावा लागतो, हॉस्पिटलला विचारावं लागतं, पोलीस ठाण्यात जाऊन बसावं लागतं. ते कसं करायचं एवढंच सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. जास्त पॉलिसी असणं म्हणजे फ्रॉड नाही. रोजचे ठरावीक पैसे देणारी हॉस्पिटल कॅश पॉलिसी कुणी तीन कंपन्यांकडून घेतली आणि तिन्हीकडे क्लेम टाकला तर तो त्याचा हक्क आहे. मेडिक्लेममध्ये पण एका कंपनीचं लिमिट संपलं म्हणून उरलेलं बिल दुसरीकडे टाकता येतं. फ्रॉड कुठे होतो, तर तेच बिल, तीच पूर्ण रक्कम, दोन्हीकडून वसूल केली जाते तेव्हा, किंवा अॅडमिशनच झालेलं नसतं तेव्हा. हा फरक न कळता नुसतं "मल्टिपल पॉलिसीज" लिहून फाईल अडवणारे लोक मी बघितलेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या पेशंटच्या घरच्यांना विनाकारण चकरा माराव्या लागतात.

आधी स्वतःच्या घरात विचारा

दुसऱ्या कंपनीला मेल टाकण्याआधी तुमच्याच कंपनीत फ्रॉड मॉनिटरिंग युनिट कुठे बसतं ते शोधा. हसू नका, बऱ्याच ब्रँचमध्ये कुणालाच माहीत नसतं. इन्शुरन्सची नियामक संस्था आयआरडीएआयने फ्रॉडवर पहिलं परिपत्रक २०१३ मध्ये काढलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन गाईडलाईन्स आल्या आणि त्या १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्यात वेगळं युनिट हवं, वर कमिटी हवी, आणि सगळ्या कंपन्यांचा डेटा ठेवणाऱ्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या प्लॅटफॉर्मवर कंपन्यांनी माहितीची देवाणघेवाण करायला हवी, असं सगळं आहे. म्हणजे आता "आमच्याकडे अशी पद्धत नाही" हे उत्तर चालत नाही.

युनिटला पाठवायची नोट एका पानाची ठेवा. काय खटकलं, कुठल्या कागदावर खटकलं, आणि कुणाला काय विचारलं तर खरंखोटं होईल, एवढंच. "क्लेमंट संशयास्पद वाटतो" हे वाक्य लिहू नका, त्याला काहीही अर्थ नाही. त्यापेक्षा "डिस्चार्ज समरीवर सही करणारे डॉक्टर त्या तारखेला या हॉस्पिटलला होते का, हे हॉस्पिटलकडून हवं" असं लिहा. पहिल्या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही, दुसऱ्यावर अर्ध्या तासात मेल जातो.

राजूरची केस बघा

आपल्या नगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधली, अकोले तालुक्यातल्या राजूरची २०२१ ची केस या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावी. अमेरिकेत बरीच वर्षं राहून परत आलेला एक माणूस. त्याच्यावर तिकडच्या कंपनीची ५० लाख डॉलर्सची, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने ३७ कोटींच्या वर, लाईफ पॉलिसी. एप्रिल २०२१ मध्ये साप चावून तो गेल्याची नोंद सरकारी दवाखान्यातून पोलिसांकडे आली, ओळख पटवणारे लोक होते, कागद झाले, अंत्यसंस्कार झाले. कोरोनाची दुसरी लाट चालू होती, कोण कशाला खोलात जातंय.

कागदावर ही फाईल पास व्हायला हवी होती. अडली कारण त्या कंपनीकडे जुनी नोंद होती, या माणसाने आधी बायको गेल्याचा खोटा क्लेम टाकायचा प्रयत्न केला होता. म्हणून कंपनीने इथे माणसं पाठवली, आणि त्या माणसांनी स्वतःच डिटेक्टिव्हगिरी न करता जिल्हा पोलिसांना गाठलं. पोलिसांनी कॉल रेकॉर्ड काढले तर मेलेला माणूस जिवंत निघाला, वडोदऱ्यात सापडला. त्याच भागातल्या एका निराधार माणसाला नागाचा दंश करवून मारलं आणि त्याचा मृतदेह आपला म्हणून दाखवला, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं, ऑक्टोबरमध्ये अटक झाली.

यात शिकण्यासारखं काय तर, कंपनीकडे जुनी नोंद होती पण कॉल रेकॉर्ड काढायचा अधिकार नव्हता, पोलिसांकडे अधिकार होता पण ३७ कोटींची पॉलिसी आहे हे त्यांना कुठून कळणार, त्यांच्या दृष्टीने तो एक सर्पदंशाचा आकस्मिक मृत्यू होता. दोन अर्धवट माहित्या एकत्र आल्या म्हणून खून उघडा पडला, पैसे वाचले ही त्यामानाने छोटी गोष्ट. लाईफमधला फ्रॉड म्हणजे नुसती कागदाची फसवणूक असते असं समजू नका, कधीकधी त्याच्याखाली एक माणूस गेलेला असतो ज्याच्याबद्दल कुणी तक्रारही केलेली नसते.

ब्युरोचा डेटा आणि नावांचा घोळ

हैदराबादचा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो २००९ पासून आहे, सगळ्या कंपन्या तिथे डेटा देतात. गाडीचा नंबर टाकून इन्शुरन्स कुठल्या कंपनीचा आहे ते बघायची सोय त्यांच्याच साईटवर आहे. हॉस्पिटलांना जो १३ आकडी रोहिणी नंबर असतो, ते रजिस्टरही त्यांचंच. तुमच्या युनिटला तिथून मॅच मिळतो, की या नावाच्या माणसाच्या आणखी अमुक ठिकाणी पॉलिसी आहेत वगैरे.

पण मॅच आला म्हणून उड्या मारू नका. आपल्याकडची नावं बघा. एका कंपनीत "पाटील संजय रामचंद्र", दुसरीत "संजय आर पाटील", तिसरीत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते पोस्टमनला विचारा. इंग्रजी स्पेलिंगचा तर आनंदच, एकाच वैशालीची चार स्पेलिंगं. त्यामुळे नावावर जाऊ नका. जन्मतारीख, मोबाईल, नॉमिनी आणि बँक खातं, या चारपैकी निदान दोन जुळले तर पुढे जा. आणि या सगळ्यात खातं बघायला विसरू नका. टोळीचं काम असेल तर नावं बदलतात, पत्ते बदलतात, पण पैसे शेवटी दोनचार खात्यांतच जाऊन पडतात. वेगवेगळ्या आडनावांचे पाच क्लेमंट आणि नॉमिनीचं खातं एकाच ब्रँचमधलं, ओळख देणारा पण एकच, असं दिसलं की खुर्चीतून उठायला हरकत नाही.

दुसऱ्या कंपनीला काय लिहायचं

इथे बहुतेक लोक चुकतात. "सदर व्यक्तीची संपूर्ण माहिती व कागदपत्रे पाठवावीत" असा मेल टाकतात आणि मग महिनाभर उत्तर नाही म्हणून रडतात. समोरचा पाठवणार नाहीच, का पाठवेल, त्याचे लीगलवाले त्याला खातील. प्रश्न असा विचारा की समोरच्याला फक्त हो किंवा नाही लिहायचंय. मी साधारण असा मसुदा वापरतो:

"आमच्याकडे खालील बिलावर रिइम्बर्समेंट क्लेम आला आहे. हॉस्पिटल, बिल नंबर, तारीख आणि रक्कम खाली दिली आहे. एक, याच बिल नंबरवर तुमच्याकडे क्लेम आला आहे का? दोन, आला असल्यास किती रक्कम मंजूर झाली? तीन, मूळ बिल तुमच्याकडे जमा आहे का? पेशंटच्या आजाराची किंवा इतर कागदपत्रांची माहिती आम्हाला नको आहे. उत्तर कृपया अमुक तारखेपर्यंत फ्रॉड युनिटच्या अधिकृत मेलवर द्यावे."

ते "नको आहे" वालं वाक्य मुद्दाम ठेवलंय. ते वाचलं की समोरचा निवांत होतो, कारण त्याला कळतं की आपण त्याच्या कस्टमरचा डेटा उचलायला आलेलो नाही. आणि मेल युनिटकडून युनिटकडे जाऊ दे. तुमचा जुना कलीग आता तिकडे आहे म्हणून त्याला फोन करून "जरा बघ ना यार" करू नका. तो बघेल, सांगेल पण, आणि ती माहिती तुम्ही कुठेही वापरू शकणार नाही, कारण ती कुठून आली हे लिहायची सोय नाही.

२०२३ चा पर्सनल डेटाचा कायदा आलाय म्हणून आता काहीच शेअर करता येत नाही, असंही ऐकायला मिळतं. गुन्हा रोखणं, शोधणं, तपास करणं यासाठी त्या कायद्यात काही सूट ठेवलेली आहे. पण ती सूट म्हणजे मोकळं रान नाही. लागेल तेवढीच माहिती, कशासाठी घेतली त्याची नोंद, आणि कंपनीच्या लीगलचा एकदा होकार, एवढं सांभाळा.

हॉस्पिटल शत्रू नाही

हॉस्पिटलवाले सगळे मिळालेले असतात असं समजून इन्व्हेस्टिगेटर आत शिरतो, रिसेप्शनवर आवाज चढवतो, आणि मग त्याला काहीच मिळत नाही. अरे, कित्येकदा हॉस्पिटललाच माहीत नसतं की त्यांच्या लेटरहेडवर कुणीतरी बाहेर बिलं छापतंय. त्यांचं नाव खराब होतंय, त्यांना सांगितलं तर ते स्वतःहून रेकॉर्ड काढून देतात.

एक साधी सवय लावून घ्या. व्हेरिफिकेशनसाठी बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका. बिल खोटं असेल तर तो नंबरही फ्रॉड करणाऱ्यांचाच असतो, आणि पलीकडून अतिशय नम्र आवाजात "हो सर, पेशंट आमच्याकडेच होता" असं उत्तर येतं. रोहिणी नंबरवरून किंवा नेटवर्कच्या नोंदीतून हॉस्पिटलचा मेल काढा आणि तिथे विचारा. हॉस्पिटल अस्तित्वातच आहे का अशी शंका असेल तर महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसला नोंदणी तपासता येते. किती बेडची नोंदणी आहे तेही कळतं. दहा बेडचं हॉस्पिटल आणि क्लेमच्या हिशोबाने एका दिवशी तिथे सतरा पेशंट झोपलेले, असं गणित कंपन्यांनी आकडे एकत्र केल्याशिवाय दिसतच नाही.

इनडोअर केस पेपर, म्हणजे अॅडमिट पेशंटच्या उपचारांच्या नोंदी, मागवले की बिल बाजूला ठेवा आणि आधी नर्सिंग चार्ट उघडा. खऱ्या चार्टवर तीन शिफ्टच्या तीन सिस्टर असतात, अक्षर बदलतं, पेन बदलतं, रात्री दोनच्या नोंदीचं अक्षर झोपेतलं असतं, कुठे खाडाखोड असते. खोट्या चार्टवर चार दिवसांचं टेंपरेचर एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेलं दिसतं, आणि ताप कसा अगदी रोज एक-एक डिग्रीने शिस्तीत उतरतो. मग सलाईन मोजा. फार्मसीच्या बिलात वीस बाटल्या आणि चार्टवर सहाच लावलेल्या असतील तर बाकीच्या चौदा कुठे गेल्या हा प्रश्न हॉस्पिटलच्या अॅडमिनला शांतपणे विचारा. कधी उत्तर मिळतं की उरलेल्या परत केल्या, क्रेडिट नोट आहे, ठीक आहे, विषय संपला. कधी अॅडमिन स्वतः दचकतो आणि त्याच्या फार्मसीवाल्याला बोलावतो. दोन्ही वेळेला तुमचं काम झालं.

सीसीटीव्ही हवं असेल तर पहिल्याच दिवशी लेखी मागा, फुटेज थोड्या दिवसांत ओव्हरराईट होतं. आणि नुसतं पेनड्राईव्हवर घेऊन येऊ नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, जे आधी ६५ बी म्हणून सगळे ओळखायचे, ते सोबत नसेल तर पुढे कोर्टात त्या पेनड्राईव्हवरून वाद घालत बसावं लागतं.

डेथ सर्टिफिकेट

क्यूआर कोड स्कॅन झाला, साईट उघडली, हिरवी टिक आली, म्हणून खरं असं धरू नका. सरकारी साईटसारख्याच दिसणाऱ्या खोट्या साईटी देशात अनेकदा पकडल्या गेल्यात. आधी वरचा पत्ता नीट वाचा. आणि नोंद खऱ्या सिस्टीममध्ये असली तरी खरी असेलच असं नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या आयडीवरून २०२५ मध्ये गावच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट जन्मनोंदी झाल्याचं उघड झालंच की. ती जन्माची भानगड होती, पण लॉगिन गेलं तर मृत्यूची नोंदही तशीच होते.

म्हणून अर्ली क्लेम असेल, म्हणजे पॉलिसी घेऊन थोडेच महिने झालेत, तर गावात जा. ग्रामपंचायतीचं रजिस्टर, स्मशानभूमीची नोंद, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार. पण यातल्या एकाच माणसावर विसंबू नका. उत्तर प्रदेशात संभळ पोलिसांनी २०२५ मध्ये जी इन्शुरन्सची टोळी उघड केली, त्यात मरणाच्या दारातल्या आजारी माणसांच्या नावाने पॉलिसी काढलेल्या होत्या आणि साखळीत एजंटपासून गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्या टप्प्यांवरचे लोक होते. ती केस एका कंपनीने पकडलीच नसती. पोलिसांनी सगळ्या कंपन्यांकडून डेटा मागवला तेव्हा पसारा किती मोठा आहे ते दिसलं.

मुदत लक्षात ठेवा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे लाईफ पॉलिसी तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणाने उकरता येत नाही, फ्रॉड म्हणूनसुद्धा नाही. हेल्थमध्ये ६० महिन्यांनंतर फक्त सिद्ध झालेल्या फ्रॉडवरच हात लावता येतो. त्यामुळे जी माहिती दुसऱ्या कंपनीकडून पॉलिसी देतानाच मिळू शकली असती ती क्लेमच्या वेळी मागण्यात काही हशील नाही. प्रपोजल आल्यावरच विचारा.

मोटर: पेपर आधी कुणाकडे पोचतो

थर्ड पार्टीत, म्हणजे गाडीने दुसऱ्याला ठोकल्यावर त्याला द्यायच्या भरपाईत, नेहमीचा खेळ म्हणजे गाडी बदलणे. धडक देणाऱ्या गाडीला इन्शुरन्स नाही, किंवा गाडी पळून गेली, मग काही आठवड्यांनी एफआयआरमध्ये इन्शुरन्सवाली एखादी गाडी आणि लायसन्सवाला ड्रायव्हर येऊन बसतो. अलाहाबाद हायकोर्टाने २०१५ मध्ये यासाठी एसआयटी नेमायला लावली होती, आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही या बोगस क्लेमच्या प्रकरणांवर बरंच सुनावलं.

आता २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत ट्रिब्युनलला आणि इन्शुरन्स कंपनीला द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर. ई-डार या अपघातांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर हे सगळं दिसतं. कंपनीने करायचं काय, तर तो ४८ तासांचा अहवाल आल्याआल्या उघडायचा. गंमत म्हणजे तो येतो आणि इनबॉक्समध्ये तसाच पडून राहतो, आणि दोन वर्षांनी वकील विचारतो की गाडी बदलली असं तुम्ही तेव्हाच का नाही म्हणालात. अहवाल आला की लगेच स्पॉटवर माणूस पाठवा, हॉस्पिटलची एमएलसी, म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय नोंद, काढा आणि त्यात पेशंटने किंवा नातेवाइकाने पहिल्या तासात काय सांगितलं होतं ते बघा. "बाईकवरून घसरून पडला" असं एमएलसीला आणि "ट्रकने ठोकलं" असं एफआयआरला, हा फरक पहिल्या आठवड्यात पोलिसांना लेखी कळवला तर ते तपासात घेतात. नंतर कळवलं तर कंपनी पैसे द्यायला टाळाटाळ करतेय असंच दिसतं, आणि खरं सांगायचं तर कधीकधी तसं असतंही.

टोटल लॉस गाड्यांचं वेगळं. गाडी भंगारात गेली पण कागद जिवंत राहिले, तर तेच कागद चोरीच्या गाडीला लागतात आणि ती गाडी परत दुसऱ्या कंपनीकडे इन्शुअर होऊन येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. सेटलमेंट करताना साल्व्हेज (गाडीचं उरलेलं भंगार) घेणारा कोण, आरसी रद्द झाली का, हे फाईलला लावल्याशिवाय शेवटचा चेक सोडू नका.

पीकविमा

यावर स्वतंत्र लिहायला हवं पण थोडक्यात. महाराष्ट्रात २०२३ पासून शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा होता आणि त्याच काळात सरकारी जमिनी, देवस्थानच्या जमिनी, दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर विमे काढल्याचे प्रकार पुढे आले, शेवटी २०२५ मध्ये ती योजना बदलून परत हप्ता आला, खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५. यात चोर कुठे होता, तर महसूलकडे सातबारा, कृषीकडे पेरणीचे आकडे, कंपनीकडे अर्ज, आणि तिघांची भेट नुकसानभरपाईच्या वेळीच. आता फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी सक्तीची केल्यावर ते आधीच जुळवता येतं. तालुका पातळीवर काम करत असाल तर अर्जाची मुदत संपल्या संपल्या तालुका कृषी अधिकाऱ्याबरोबर बसून गावनिहाय पेरणी क्षेत्र आणि विमा क्षेत्र एकदा शेजारी ठेवा. गावात जेवढी जमीन नाही तेवढा कांदा इन्शुअर झालेला दिसला तर पुढचं सांगायला नको. फक्त राग शेतकऱ्यावर काढू नका, अर्ज कुठल्या सेवा केंद्राच्या लॉगिनवरून भरले गेले ते आधी बघा.

हे करू नका

इन्व्हेस्टिगेटर लोकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप. सगळ्यांना माहीत आहेत, सगळे त्यात आहेत. कुणाचं आधार कार्ड, कुणाचे एचआयव्ही रिपोर्ट, कुणाच्या बायकोचा फोटो, "या माणसाला कुणी ओळखतं का, फ्रॉड आहे." हे कोलॅबरेशन नाही, हा गुन्हा आहे, आणि तो माणूस निर्दोष निघाला तर त्याची बदनामी तुम्ही केलेली असते, सोबत मेसेजचा पुरावा तुमच्याच नंबरवरून. ग्रुपमधून बाहेर पडा.

दुसरं, कंपन्यांच्या फ्रॉडच्या मीटिंगला बसलात तर प्रीमियम, टेंडर, रेट हे विषय निघू देऊ नका, चहाच्या वेळेसही नाही. केरळच्या आरएसबीवाय या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या टेंडरमध्ये एकत्र येऊन बोली लावल्याबद्दल स्पर्धा आयोगाने (सीसीआय) २०१५ मध्ये चार सरकारी कंपन्यांना ६७१ कोटींचा दंड लावला होता, तो पुढे अपिलात खूप कमी झाला, पण धडा राहिला. मीटिंगचा अजेंडा लेखी, मिनिट्स लेखी.

पोलिसांकडे जाताना

आपल्या कायद्यात इन्शुरन्स फ्रॉड असं वेगळं कलम नाही. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८, बनावट कागदांची ३३६ पासून पुढची कलमं आणि कटाचं ६१, यातच बसवावं लागतं. ठाण्यातल्या साहेबांना रिइम्बर्समेंट, प्रीऑथ, मोरॅटोरियम यातलं काही सांगत बसू नका. तक्रारीचं पहिलं पान साध्या मराठीत हवं: कुणी, कधी, कुठला खोटा कागद दिला, तो खोटा आहे हे कुणी लेखी सांगितलं, किती पैसे गेले किंवा जाणार होते. चार कंपन्यांचं प्रकरण असेल तर चौघांनी चार ठाण्यांत चार अर्ज न देता एकत्र तक्ता करून आर्थिक गुन्हे शाखेला भेटा. लाख-दीड लाखाची एकटी फाईल कुणी हातात घेत नाही, त्याच टोळीच्या चाळीस फाईली एकत्र दिसल्या की माणूस खुर्ची ओढून बसतो.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून सिटी ऑफ लंडन पोलिसांत इन्शुरन्स फ्रॉडसाठी वेगळी तुकडीच आहे, खर्च इन्शुरन्स कंपन्या देतात. आपल्याकडे पोलिसांचा पगार कंपन्यांनी द्यावा असं मी म्हणणार नाही, त्याचे वेगळे धोके आहेत. पण मोठ्या शहरांच्या आर्थिक गुन्हे शाखेत निदान एक अधिकारी या विषयाचं ट्रेनिंग घेतलेला असावा, आणि ते ट्रेनिंग द्यायला कंपन्यांनी आपली माणसं पाठवावीत, एवढं तर आत्ताही होऊ शकतं.

कस्टमरलाच कुणी "तुमच्या पॉलिसीवर बोनस आलाय, आधी एवढे भरा" म्हणून लुटलं असेल तर मात्र कंपनीच्या युनिटची वाट बघू नका, त्याला त्याच क्षणी १९३० वर फोन करायला लावा, खातं गोठवायचं असेल तर पहिले काही तासच हातात असतात. आयआरडीएआय कुणालाही पॉलिसी विकायला किंवा बोनस द्यायला फोन करत नाही. संशयित कॉल सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाच्या सोयीत टाकता येतो.

घड्याळ आणि फ्लॅग

हे सगळं करताना क्लेमचं घड्याळ थांबत नाही. डेथ क्लेमला तपास लागत नसेल तर १५ दिवस, तपास असेल तर ४५ दिवस. कॅशलेसला प्रीऑथ, म्हणजे उपचारांची आगाऊ मंजुरी, एका तासात आणि डिस्चार्जचं अंतिम उत्तर तीन तासांत. दुसऱ्या कंपनीचं उत्तर आलं नाही म्हणून विधवा बाईला सहा महिने ताटकळत ठेवता येत नाही. मुदत संपत आली आणि हातात नुसता संशयच असेल तर क्लेम द्यायचा, आणि नोंद ठेवायची. क्लेमंटने आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा विमा लोकपालाकडे तक्रार केली, तर तिथे "आम्ही माहितीची वाट बघत होतो" हे उत्तर टिकत नाही. लोकपाल ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात, आणि त्यांना फाईलमधल्या तारखा वाचता येतात.

शेवटचं काम बहुतेक सगळे विसरतात. चौकशी झाली, माणूस खरा निघाला, क्लेम दिला, फाईल बंद. पण तुम्ही तीन कंपन्यांना आणि एका हॉस्पिटलला त्याच्याबद्दल विचारलेलं असतं, तिकडे कुणीतरी त्याच्या नावापुढे लाल खूण करून ठेवलेली असते, आणि पुढच्या वर्षी त्याच्या आईच्या ऑपरेशनचं कॅशलेस त्या खुणेमुळे अडकतं, आणि का अडकलं ते त्याला कुणीच सांगत नाही. म्हणून फाईल बंद करायच्या दिवशीच, आधी ज्यांना ज्यांना विचारणा केली होती त्या सगळ्यांना दोन ओळींचा मेल करा: अमुक तारखेची आमची विचारणा पूर्ण झाली, क्लेम खरा आढळला, त्या विचारणेवरून काही नोंद केली असल्यास काढून टाकावी. मेलची कॉपी फाईलला लावा, आणि ब्युरोच्या प्लॅटफॉर्मवर तुमच्याकडून काही गेलं असेल तर तिथेही दुरुस्ती टाका.